टायर रोटेशन क्रॉस करायचं की सरळ, ते टायर बघून ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी बलेनो, ३१ हजार किलोमीटर झालेत, रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदलणं, एकदाही केलेलं नाही. राहायला मुंबईत भांडुप, ऑफिस बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स), महिन्यातून एखाद वेळा पुणे. पुढचे दोन टायर मागच्यांपेक्षा बरेच जास्त घासलेत. एक टायरवाला म्हणाला सरळ पुढचे मागे मागचे पुढे टाका, दुसरा म्हणाला क्रॉस करा, म्हणजे डावी-उजवी बाजूही बदला, आणि सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरने स्टेपनीसकट पाचही टायर फिरवायला सांगितले. मग बरोबर कोण, आणि पावसाच्या आधी करून टाकायचं का?

पद्धतीपुरतं बोलायचं तर तुमच्या गाडीला क्रॉस बरोबर आहे, पण दोन्ही बाजूंनी क्रॉस नाही, अर्धा क्रॉस, कसा ते खाली सांगतो. मात्र पावसाच्या आधी करायचं का हा तुमचा शेवटचा प्रश्न मला पद्धतीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो आणि नेमकं त्यावर तिघांपैकी कोणी बोललेलंच दिसत नाही, कारण तिघांपैकी कोणीही टायरच्या खाचांची खोली मोजलेली नाही. न मोजता सांगितलेलं रोटेशन म्हणजे अंदाज. मुंबईत जून ते सप्टेंबर त्या अंदाजावर गाडी चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी पद्धत समजून घेऊ. लक्षात ठेवायला एकच नियम पुरतो: ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते ती चाकं सरळ जातात, जी नुसती मोकळी फिरतात ती क्रॉस होतात. बलेनो फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे ताकद पुढच्या चाकांना. तेव्हा पुढचे दोन्ही टायर आपापल्या बाजूनेच सरळ मागे जायचे, ड्रायव्हर साइडचा ड्रायव्हर साइडलाच. आणि मागचे दोन पुढे येताना बाजू बदलायची, मागचा ड्रायव्हर साइडचा पुढे क्लीनर साइडला (डावीकडे), मागचा क्लीनर साइडचा पुढे ड्रायव्हर साइडला. स्विफ्ट, वॅगनआर, आय२०, होंडा सिटी, अर्टिगा, नेक्सॉन, क्रेटा या सगळ्यांना हेच लागू. असं चार वेळा केलं की प्रत्येक टायर चारही जागा फिरून मूळ जागी येतो, आणि दर १० हजारला करत गेलात तर चार फेऱ्यांत ४० हजार किलोमीटर होतात, तोवर बहुतेकांचे टायर बदलायला आलेलेच असतात, त्यामुळे हिशोब छान बसतो.

मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला बरोबर उलटं. मागचे टायर सरळ पुढे येतात, पुढचे मागे जाताना बाजू बदलतात. स्कॉर्पिओ, बोलेरो, इको, फॉर्च्युनर, रिअर व्हील ड्राइव्ह थार या त्या गाड्या. इथे नावावर जाऊ नका. इनोव्हा क्रिस्टाला ताकद मागच्या चाकांना आणि इनोव्हा हायक्रॉसला पुढच्या चाकांना, दोन्ही इनोव्हाच, पण रोटेशन उलटसुलट. इलेक्ट्रिकमध्येही तेच, नेक्सॉन ईव्हीची मोटर पुढच्या चाकांवर, महिंद्राच्या बीई ६ ची मागच्या. म्हणून टायरवाल्याकडे गेल्यावर गाडीचं नाव सांगून थांबू नका, ताकद कुठल्या चाकांना आहे ते सांगा. आणि मॅन्युअलमध्ये गाडीच्या कंपनीने आकृती दिली असेल तर ती माझ्या सांगण्याच्या वर, ती पाळा.

आता पुढचेच टायर इतके का घासतात. इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणजे अशा गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर, गाडी ओढायचं काम त्यांचंच, वळवायचं काम त्यांचंच, आणि ब्रेक मारला की वजन आणखी पुढे येतं त्यामुळे थांबवायचं बहुतेक कामही त्यांचंच. मागचे टायर बिचारे नुसते मागून येतात. त्यात तुमचा रोजचा रस्ता एलबीएस मार्ग, मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं, दर शंभर मीटरला ब्रेक आणि परत उचल, मग पुढे एससीएलआरचं (सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड) वळण. यात पुढचे टायर मागच्यांच्या दुप्पट वेगाने संपले तरी मला नवल वाटत नाही. त्यात टायरचा किंवा कंपनीचा काही दोष नाही.

मग नुसतं सरळ पुढे-मागे करून का भागत नाही? खोली तर सारखी होते ना? होते, पण टायर नुसता कमी होत नाही, त्याला आकारही येतो. मोकळ्या फिरणाऱ्या मागच्या टायरवर वजन कमी असतं, तिथे रबराचे ठोकळे जमिनीला टेकताना आणि सुटताना सारखे घासत नाहीत, ठोकळ्याची एक कड झिजते आणि दुसरी वर राहते. करवतीच्या दातांसारखं होतं ते. घरी बघायचं असेल तर गाडी उभी असताना मागच्या टायरवरून तळहात आधी पुढच्या दिशेने फिरवा, मग मागच्या दिशेने. एका दिशेला हात सरकन जातो आणि दुसऱ्या दिशेला बोटांना कडा लागतात. तळहात जरा जपून, टायरमध्ये कधी तार किंवा काच असते. आता हा टायर त्याच बाजूला ठेवून सरळ पुढे आणला तर तो फिरतो त्याच दिशेने, म्हणजे दात तसेच. बाजू बदलली की फिरण्याची दिशा उलटते, वर राहिलेली कड आता आधी घासायला लागते आणि ठोकळा हळूहळू सपाट होतो. क्रॉस करण्यामागचं खरं कारण हे आहे.

यातूनच एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण त्यावरून खूप लोक घाबरून परत येतात. अशा दात पडलेल्या टायरला क्रॉस करून पुढे आणलं की पहिले काही शे किलोमीटर गाडीचा आवाज वाढू शकतो, घूं घूं असा, ५०-६० च्या वर जास्त. लोकांना वाटतं व्हील बेअरिंग गेलं, आणि असे चांगले बेअरिंग बदललेले मी पाहिलेत, पैसे गेले आणि आवाज तसाच. फरक ओळखायला सोपा आहे. डांबरी रस्त्यावरून नव्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी गेली आणि आवाजाची जातच बदलली तर तो टायरचा. रस्ता तोच, पण स्टेअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे केल्यावर आवाज वाढतो-कमी होतो तर बेअरिंगकडे बघा. टायरचा असेल तर थोडं थांबा, दात घासले गेले की आवाज उतरतो. दात फारच खोल असतील तर पूर्ण जात नाही, हेही खरं.

तुम्हाला सरळ टाका म्हणणारा माणूस बहुतेक जुन्या हाताचा असणार. "रेडियल टायर क्रॉस करायचा नाही" हे आपल्याकडे खूप जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते हवेतून आलेलं नाही. आपल्याकडचे जुने गॅरेजवाले शिकले पद्मिनी टॅक्सीवर, ताकद मागच्या चाकांना, टायर जुन्या पद्धतीचे नायलॉनचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी घरोघर झाली, पुढे रेडियल टायर (आज कारना असतात ते) आले, आणि सुरुवातीच्या काळात रेडियलची बाजू बदलू नका असाच सल्ला दिला जायचा. तो सल्ला त्या वेळच्या टायरसाठी होता. आजच्या साध्या रेडियलला बाजू बदलून काही होत नाही, टायर कंपन्या स्वतःच क्रॉसच्या आकृत्या देतात. तरी उस्तादाने शिकवलेलं हातातून जात नाही, मी समजू शकतो.

पण एक टायर असा आहे ज्याला आजही क्रॉस चालत नाही, आणि तो ओळखणं तुमचं काम आहे, दुकानदारावर सोडू नका. टायरच्या साइडवॉलवर बाण असेल आणि सोबत रोटेशन असं इंग्रजीत लिहिलेलं असेल, नक्षी समोरून बाणासारखी व्ही आकाराची असेल, तर तो डायरेक्शनल टायर. त्याची नक्षी एकाच दिशेने फिरताना पाणी बाहेर फेकते. तो फक्त त्याच बाजूला पुढे-मागे जातो, म्हणजे इथे सरळ म्हणणाराच बरोबर. बाजू बदलायचीच तर टायर रिमवरून काढून उलटा बसवावा लागतो, नुसतं चाक बदलून नाही. बाण उलटा बसवलेली गाडी कोरड्या रस्त्यावर तुम्हाला काही सांगणार नाही, पावसात सांगेल, म्हणून नवे टायर टाकून घेतल्यावर दुकानातून निघायच्या आधी चारही बाण पुढच्या दिशेला आहेत का ते फिरून बघा.

दुसरा प्रकार असिमेट्रिक, १६ इंच आणि वरच्या टायरमध्ये खूप दिसतो. साइडवॉलवर आउटसाइड आणि इनसाइड लिहिलेलं असतं, आतली नक्षी वेगळी बाहेरची वेगळी. लोक याला डायरेक्शनल समजून क्रॉस करत नाहीत. याला बाण नसेल तर तो कुठल्याही कोपऱ्यात चालतो, अट एवढीच की आउटसाइड बाहेर दिसलं पाहिजे, आणि रिमसकट चाक फिरवताना ते आपोआप बाहेरच राहतं. पुढे एक साइझ आणि मागे रुंद साइझ असेल, काही जर्मन गाड्यांना असतं तसं, तर पुढे-मागे प्रश्नच नाही, बाण नसेल तर फक्त डावा-उजवा अदलाबदल करता येतो, बाण असेल तर तेही रिमवरून उतरवल्याशिवाय नाही.

स्टेपनीचं. पाच टायरचं रोटेशन ही चांगली पद्धत आहे, मला आवडते, पण स्टेपनी बाकीच्या चौघांसारखीच असेल तरच. साइझ तोच, टायर तोच, रिमही तशीच. हल्ली बऱ्याच गाड्यांना वरच्या व्हेरियंटमध्ये खाली अलॉय मोठे आणि डिकीत लहान साइझचं स्टीलचं चाक असतं, त्यावर बहुतेक वेळा ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. ते चाक पंक्चर झाल्यावर दुकानापर्यंत जायला आहे, रोटेशनला नाही. तुमच्या डिकीतला मॅट उचला, स्टेपनीवरचा आकडा वाचा, खालच्या टायरवरचा वाचा, जुळले तर पुढे बोलू. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, २०२० मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, हवेचा सेन्सर आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली.

जुळली तर क्रम असा: स्टेपनी जाते मागे उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हर साइडला, पुढचा उजवा टायर डिकीत, बाकी तिघांचं वर सांगितलं तसंच. थारसारखी मागच्या दरवाज्यावर पूर्ण साइझची स्टेपनी असते तिथे हे जरूर करावं, पण ताकद मागच्या चाकांना असताना स्टेपनीच्या जागी जातो तो पुढचा डावा. स्टेपनीची तारीख मात्र बघा. साइडवॉलवर चार आकडी नंबर असतो, २३२१ असेल तर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. न वापरलेला टायरही डिकीत पडून कडक होतो, बऱ्याच गाडी कंपन्या ६ वर्षांनंतर टायर बदलायलाच सांगतात. सात-आठ वर्षं जुनी, नक्षी कोरी करकरीत असलेली स्टेपनी चालत्या चाकांत आणून बसवू नका, नक्षी बघून फसायला होतं.

आता पावसाचं, आणि इथे जरा सविस्तर लिहितो.

समजा तुमचे पुढचे टायर ३ मिलिमीटरवर आलेत आणि मागचे साडेपाचवर आहेत. नवा टायर साधारण ७ ते ८ मिलिमीटरचा असतो, आणि कायद्याने खालची मर्यादा १.६, खाचेच्या तळाशी आडव्या छोट्या पट्ट्या असतात त्या टायरच्या पृष्ठभागाच्या पातळीत आल्या की टायर संपला, साइडवॉलच्या कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो तिथे त्या सापडतात. म्हणजे ३ मिलिमीटर कायद्यात बसतो. पण साचलेलं पाणी बाहेर फेकायला ती खोली अपुरी पडायला लागते, ३ च्या खाली ओल्या रस्त्यावरचा ब्रेक लांबत जातो. आता मे महिन्याच्या शेवटी तुम्ही रोटेशन करून घेतलंत तर हे ३ वाले टायर गेले मागे. हवामान खात्याच्या तारखेप्रमाणे ११ जूनच्या आसपास मुंबईत मॉन्सून येतो, आणि तुम्ही पुण्याला निघालात, एक्सप्रेसवेवर शंभरने, किंवा अटल सेतूवर, तिथेही शंभरची परवानगी आहे. पाण्याच्या थरावर मागचे टायर तरंगले तर गाडीची शेपूट निघते. गाडी गोल फिरते आणि साधा माणूस ती सावरू शकत नाही, स्टेअरिंग पुढच्या चाकांना आहे, मागच्यांना नाही. त्याउलट पुढचे टायर तरंगले तर गाडी वळत नाही, सरळ जाते, भीती वाटते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढला की वेग कमी होतो आणि पकड परत येते. म्हणजे दोन्ही वाईटच, पण त्यातलं एक हातात राहतं.

म्हणूनच जास्त खोलीचे टायर मागे, हा नियम टायर कंपन्या जगभर सांगतात, आणि आपल्याकडे दुकानात याच्या उलट चालतं. दोन नवे टायर घेतले की ते पुढे बसवून देतात, कारण पुढे जास्त काम, पुढे स्टेअरिंग, आणि गिऱ्हाइकालाही नवे टायर पुढे दिसले की बरं वाटतं. तुम्ही स्पष्ट सांगा, नवे मागे, मागचे पुढे. दुकानदार वाद घालेल. घालू दे, गाडी तुमची आहे आणि मागच्या सीटवर बसणारी माणसं पण तुमचीच आहेत.

मग रोटेशन आणि हा नियम एकमेकांविरुद्ध जात नाहीत का? जातात, जर रोटेशन उशिरा केलं तर. दर ८ ते १० हजारला, किंवा गाडी कमी चालत असेल तर निदान वर्षातून एकदा, रोटेशन करत राहिलात तर पुढच्या-मागच्यात एक-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कधी पडतच नाही आणि मग कुठला टायर कुठे हा प्रश्न राहत नाही, सगळेच सारखे. पण ३१ हजारपर्यंत एकदाही केलं नसेल आणि फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला असेल तर पावसाच्या तोंडावर ते घासलेले टायर मागे पाठवायला मी तयार होत नाही, मग पद्धत कितीही बरोबर असो. वर्षाचं रोटेशन मुंबईत मी पाऊस गेल्यावर करायला सांगतो, ऑक्टोबरच्या मध्यावर, मॉन्सून परतला की. तेव्हा घासलेले टायर मागे गेले तरी पुढचे सात-आठ महिने रस्ते कोरडे असतात, आणि जूनपर्यंत चौघांची खोली पुष्कळ जवळ येते.

मोजायला डेप्थ गेज, म्हणजे खाचेची खोली मोजायचं छोटं साधन, घ्या, ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. एका टायरवर तीन ठिकाणी मोजा, आतली खाच, मधली, बाहेरची, आणि कागदावर लिहून काढा. आतली मोजायला स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवलं की पुढच्या टायरला हात पोचतो, मागच्याला वाकावं लागतं. हे बारा आकडे हातात असल्याशिवाय मी कोणाला पद्धत सांगत नाही, कारण आकडे सारखे नसतील तर रोटेशनच्या आधी दुसरंच काम निघतं.

मधली खाच कमी आणि दोन्ही कडा जास्त, म्हणजे हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा कमी आणि मधली जास्त, म्हणजे हवा कमी. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेलीय, गाडी टायर खातेय, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बघा. खड्डे-खड्डे पडल्यासारखं, एक ठिकाणी खोल एक ठिकाणी उंच, तर शॉकअप बघा किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते. एलबीएसवरच्या पेव्हर ब्लॉकमध्ये एक चाक जोरात बसलं की टो, म्हणजे चाक पुढून आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बदलायला तेवढं पुरतं. अशा गाडीला नुसतं रोटेशन केलं तर जो चांगला टायर पुढे आला तोही ती खाणार, तुम्ही फक्त दुसरा घास पुढे केलात. आधी अलाइनमेंट, मग रोटेशन, एकाच दिवशी एकाच दुकानात करा.

अलाइनमेंट करताना कॅम्बरचं, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असण्याच्या कोनाचं, एक सांगून ठेवतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना टो ॲडजस्ट होतो, कॅम्बरला मुळात सोय नसते. काही दुकानांत स्क्रीनवर लाल आकडा दाखवतात, वेगळे पैसे घेतात आणि हायड्रॉलिक मशीनने स्ट्रट (चाकाला धरणारा शॉकअपचा खांब) वाकवून आकडा हिरवा करून देतात. वाकलेलं काही असेल तर तो पार्ट शोधून बदलायचा असतो, चांगला पार्ट वाकवायचा नसतो. आणि मागचा एक्सल टॉर्शन बीमचा, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या एकाच दांड्याचा असेल, या साइझच्या गाड्यांना तोच असतो, तर मागे काहीच ॲडजस्ट होत नाही. तिथे मागचा टायर आतल्या कडेने थोडा जास्त जात असेल तर वेळेवर रोटेशन हाच त्यावर इलाज.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल, खड्ड्यात आपटून येतोच मुंबईत, तर तो मागे ढकलू नका. त्याच्या आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात, तो कुठल्याच जागेवर चालत नाही, स्टेपनीतही नको.

सीएनजीवाल्यांनी विचारायच्या आधीच सांगतो, पद्धत बदलत नाही. टाकीचं वजन मागे येतं म्हणून मागची हवा स्टिकरवर जशी दिलीय तशी नीट ठेवा एवढंच. ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्यांचे १० हजार दोन-अडीच महिन्यांत होतात, त्यांनी महिने मोजू नयेत, किलोमीटरच मोजावेत. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीने जड असते आणि उचल एकदम येते त्यामुळे ताकदीचे टायर लवकर जातात, तिथे मी ८ हजारची वाट पण बघत नाही. चारही चाकांना कायम ताकद असलेल्या गाडीला चौघांची खोली साधारण दोन मिलिमीटरच्या आत ठेवा, जास्त फरक पडला की चाकांचा घेर वेगळा होतो आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या कपलिंगवर सतत ताण येतो, ती दुरुस्ती टायरच्या सेटपेक्षा महाग.

दुकानात काय करून घ्यायचं. चाक काढायच्या आधी प्रत्येकावर खडूने मूळ जागा लिहायला सांगा, चार चाकं जमिनीवर एकत्र पडली की कुठलं कुठलं होतं हे कोणाला आठवत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. चारही चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, कारण मागचं बॅलन्स बिघडलेलं चाक मागे असताना कळत नाही, पुढे आलं की ८०-९० ला स्टेअरिंग थरथरतं आणि दोष रोटेशनवर येतो. नट आधी हाताने लावायचे, मग क्रॉस क्रमाने एक सोडून समोरचा असे आवळायचे, आणि शेवटचं टाइट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने. किती ते गाडीगणिक बदलतं, छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते १२५ न्यूटन मीटरच्या मधे असतं, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. एअर गनने धडाधड आवळू देऊ नका, रात्री घाटात पंक्चर झालं तर गाडीतल्या पान्याने तो नट सुटत नाही.

हवा जागेप्रमाणे परत भरायची, टायर पुढचा मागे गेला तरी हवा मागच्या जागेची, ड्रायव्हरच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर बघून, आणि टायर थंड असताना. हवेचा सेन्सर असेल तर रिसेट करून घ्या, नाहीतर स्क्रीनवर पुढचा टायर कमी दाखवेल आणि पंक्चर मागे असेल.

तर तुमच्यासाठी. आधी स्टेपनीचा साइझ वाचा आणि बाराही आकडे मोजा, बाण आहे का बघा. पुढचे-मागचे फरक दोनच्या आत आणि सगळे ४ च्या वर असतील तर पावसाआधी बिनधास्त करून टाका, पुढचे सरळ मागे, मागचे क्रॉस होऊन पुढे. फरक दोनच्या वर पण पुढचे ३ च्या वर असतील तर या पावसात आहे तिथेच राहू द्या, ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवा, ऑक्टोबरात रोटेशन करा. पुढचे ३ किंवा खाली असतील तर रोटेशनचा विचार सोडा, दोन नवे टायर घ्या, त्याच साइझचे आणि जमलं तर त्याच नक्षीचे, ते मागे बसवा आणि मागचे पुढे आणा. काहीही केलंत तरी ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर चारही चाकांचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्या, अलॉयला तर नक्कीच.